लाल दोऱ्याची भेंडी

मुलांनो, आधी एक कोडं घालते. सकाळी उमलतं, सांज व्हायच्या आत मिटतं. रंग फिकट पिवळा, पोटात गडद जांभळट ठिपका. आणि पाच-सहा दिवसांनी त्याच जागी जे येतं, ते तुमच्यातले निम्मे जण ताटात हळूच बाजूला सारतात!

ओळखलंत? अहो, भेंडी!

नाक मुरडू नका. आज मी तुम्हाला भेंडी खायचा आग्रह करणार नाही. उलट, एकदा मी बारा भेंड्या खाल्ल्या आणि त्या आमच्या घराला किती महाग पडल्या, तेच सांगणार आहे.

मी ताडकळसची. परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यात आमचं हे गाव. आमच्याकडची माती काळीभोर. पावसाळ्यात पायाला गोळे चिकटतात आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो. शेतात कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीन. पण रोजच्या भाजीसाठी शेतापर्यंत कोण जाणार? त्यासाठी घरामागे परस. आमचं परस काही मोठं नव्हतं. दोन खाटा टाकल्या तर तिसरीला जागा उरणार नाही, एवढंच. पण मायनं त्यात काय काय बसवलं होतं! कुडाच्या कडेनं दोडका आणि वालाचा वेल, कोपऱ्यात शेवगा, न्हाणीच्या तोंडाशी आळू, मधल्या वाफ्यात मेथी, चुका, कोथिंबीर आणि चार मिरच्या. शेवटच्या वाफ्यात भेंडी.

पाणी कुठून? वेगळं पाणी नव्हतंच. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी एका चरातून परसात यायचं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी माय मेथीला घालायची. तेव्हा आमच्याकडे भांडी राखेनं घासायचे, त्यामुळे ते पाणीही झाडांना चालायचं. ‘पानी दोनदा कामाला यावं,’ असं ती म्हणायची.

मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट. पाऊस उशिरा आला, म्हणून भेंडीही उशिरा लावली. भाद्रपदात झाडांना शेंगा लागल्या, तेव्हा मायनं एक गंमत केली. सगळ्यात जोमाची सहा झाडं निवडली. पान हिरवंगार, खोड जाड, कीड नाही, अशी. प्रत्येक झाडावरच्या दोन-दोन कोवळ्या भेंड्यांना तिनं लाल दोरा बांधला. ‘याला हात लावायचा न्हाई,’ एवढं बोलून ती निंदायला निघून गेली. कामून, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी मामा आले. माय आणि बाबा शेतात, घरात मी आणि आज्जी. आठवडी बाजार अजून तीन दिवस लांब. टोपलीत नुसते कांदे. मामा पहिल्यांदाच एवढ्या दिवसांनी आलेले, त्यांना काय नुसता कांदा-भाकर वाढायची? मी परसात गेले. बाकीच्या भेंड्या आदल्याच दिवशी तोडलेल्या. मात्र लाल दोऱ्याच्या बारा भेंड्या कशा होत्या म्हणून सांगू! लांब, हिरव्या, टोक मोडून पाहिलं तर कट्‌कन मोडणाऱ्या.

मी त्या बाराच्या बारा तोडल्या. आज्जीनं भाकरी थापल्या आणि मी शेंगदाण्याचा कूट घालून भेंडी परतली. माझ्या हातची ती पहिली भाजी! मामांनी दोनदा मागून घेतली. आणि दोरे? ते मी फेकले नाहीत. राखी बांधावी तसे मनगटाला गुंडाळून मिरवत बसले.

संध्याकाळी माय आली. तिचं लक्ष आधी माझ्या मनगटाकडे गेलं. ती क्षणभर थांबली. काहीच बोलली नाही. उरलेली भाजी तिनं मामांच्याच ताटात वाढली. रात्री मामा झोपल्यावर मला जवळ घेऊन विचारलं,

“कामून तोडल्यास गं?”

“चांगल्या होत्या म्हणून.”

“चांगल्या होत्या म्हणूनच तर ठेवल्या होत्या, बाय.”

एवढंच. ना धपाटा, ना ओरडा. दुसऱ्या दिवशी तिनं नव्या शेंगांना पुन्हा दोरे बांधले. पण पाऊस तोवर निघून गेला होता. विहिरीचं पाणी पिण्यापुरतं उरलं. शेंगा वाकड्या झाल्या, वाळल्यावर फोडल्या तर आत बी पोचट निघालं. दरवर्षी उतरंडीच्या वरच्या गाडग्यात राखेत घोळलेली भेंडीच्या बियांची पुरचुंडी असायची. त्या वर्षी ते गाडगं रिकामं राहिलं.

पुढच्या पावसाळ्यात मायनं बाजारातून सुटं बी आणलं. उगवलं छान. महिन्याभरात मात्र पानांच्या शिरा पिवळ्या पडायला लागल्या. आधी जाळीसारख्या नुसत्या शिरा, मग सगळं पानच पिवळं. भेंड्यासुद्धा पिवळट, आखूड, दोरखंडासारख्या चिवट. मायनं मला हाताला धरून वाफ्यापाशी नेलं आणि म्हणाली, “मोज.” मी मोजली. बावीस झाडांपैकी सतरा पिवळी! सगळी उपटून जाळावी लागली. त्या पावसाळ्यात आम्ही भेंडी विकत आणली आणि जेव्हा पैसे नसत तेव्हा आणली नाही. मामांच्या ताटातल्या त्या बारा भेंड्यांची खरी किंमत मला तेव्हा कळली.

आता तुम्ही विचाराल, बाई, आधीच्या भेंडीला हा रोग का नव्हता झाला? अगदी हाच प्रश्न मी बाबांना विचारला. ते म्हणाले, “आपलं बी परभणीचं होतं.”

परभणीत कृषी विद्यापीठ आहे. १८ मे १९७२ रोजी ते स्थापन झालं. तेव्हा त्याचं नाव मराठवाडा कृषी विद्यापीठ होतं, २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. भेंडीच्या या रोगाचं नाव आहे पिवळ्या शिरांचा रोग, म्हणजे ‘यलो व्हेन मोझॅक’. तो एका विषाणूमुळे होतो, आणि हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते पांढरी माशी. एवढीशी, साखरेच्या दाण्याहून लहान! पान हलवलं की पिठासारखी उडते. त्या काळी देशभर ‘पुसा सावनी’ नावाची दिल्लीची भेंडी लावत. चवीला चांगली, उत्पन्नाला चांगली. पण हळूहळू तीही या रोगाला बळी पडायला लागली.

मग परभणीच्या विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर या शास्त्रज्ञांनी काय केलं? त्यांनी भेंडीची एक रानटी नातेवाईक घेतली. ती खायला काही खास नाही, पण रोगाला दाद देत नाही. तिचा संकर त्यांनी पुसा सावनीशी केला. नव्या रोपांत रोगाशी झुंजायची ताकद आली, पण रानटीपणाही आला. म्हणून त्यांची पुन्हा पुसा सावनीशी जुळणी केली. मग दर पिढीत हजारदा तेच काम: शेतात फिरायचं, निरोगी आणि चांगल्या शेंगांचं झाड निवडायचं, त्याचं बी ठेवायचं, बाकीचं सोडून द्यायचं. पुन्हा पेरायचं, पुन्हा निवडायचं. अशी अनेक वर्षं गेली आणि त्यातून जी भेंडी आली तिचं नाव ‘परभणी क्रांती’. १९८६ साली या दोघांनी ‘हॉर्टसायन्स’ या अमेरिकेतल्या नियतकालिकात तिची माहिती दिली. आपल्या परभणीचं नाव भेंडीच्या बियांबरोबर देशभर गेलं!

हे मी पुढे डी.एड. झाल्यावर, शिकवायला लागल्यावर वाचलं. वाचताना मला सारखी माय दिसत होती. निरोगी झाड शोधणारी, खायच्या मोहाला बाजूला सारून त्याचं बी राखणारी. विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या हाती मोठं ज्ञान होतं, प्रयोगशाळा होती. मायच्या हाती लाल दोरा होता. पण मूळ काम एकच: सगळ्यात चांगलं ते आज खायचं नाही.

आणि मुलांनो, हे सोपं नसतं बरं का. बियाण्यासाठी शेंग झाडावर ठेवली की झाड आपली ताकद त्या शेंगेत घालतं आणि नव्या शेंगा कमी धरतं. म्हणजे बी राखणाऱ्या घराला भाजी कमीच मिळते. ही गोष्ट मला एका मुलीनं नीट शिकवली. तेही सांगते, जरी त्यात माझीच चूक असली तरी.

आमच्या शाळेत आम्ही परसबाग केली आहे. २०१९ साली केंद्र सरकारनं शाळाशाळांत पोषणबागा करायच्या सूचना काढल्या, तेव्हापासून अशा बागा खूप ठिकाणी झाल्या. आमच्या बागेला पाणी मिळतं ते हात धुवायच्या नळाचं. दुपारच्या जेवणाआधी मुलं हात धुतात, ते पाणी चरातून वाफ्यात जातं. पालक आणि शेवग्याचा पाला शाळेच्या वरणात पडतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही भेंडी लावली आणि मी मोठ्या हौसेनं मुलांना लाल दोऱ्याची गोष्ट सांगितली. मुलांनी दहा भेंड्यांना दोरे बांधले.

दसरा झाला होता. सोमवारी पाहते तो काय, तीन देठ रिकामे! दोरे मात्र जागच्या जागी, नीट गाठ मारून त्या रिकाम्या देठांनाच बांधलेले. मी सगळ्या वर्गासमोर ओरडले. “कोणी तोडल्या? गोष्ट सांगितली होती ना?” सगळे गप्प. मग मागच्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. खाली मान घालून म्हणाली,

“बाई, दोरा नाही तोडला. दोरा तसाच ठेवलाय.”

पोरं हसली. मीही चिडून तिला बाहेर उभं केलं. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली नाही, तिची मैत्रीण आली. तिच्याकडून कळलं, की त्या मुलीचे आईवडील ऊसतोडीला गेलेत. घरी ती आणि तिची आज्जी, दोघीच. दोन दिवस चटणी-भाकर चालली होती. आज्जीला दात नाहीत, तिखट सोसत नाही. कोवळी भेंडी शिजवली की आज्जीला चावता येते.

मुलांनो, मला एकदम माझं मनगट आठवलं. मी बारा तोडल्या होत्या, हौसेसाठी. हिनं तीनच तोडल्या, आज्जीसाठी. आणि मायनं मला वर्गासमोर तर सोडाच, मामांसमोरही बोल लावला नव्हता. बी राखायची गोष्ट मी मुलांना सांगितली होती, पण घरात खायला असेल तरच बी राहतं, हे सांगायचं मी विसरले होते. भुकेल्या घरात बियाणं टिकत नाही. त्यात त्या घराचा दोष नसतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच वर्गासमोर तिची माफी मागितली. बाई माफी मागतात हे पाहून पोरांचे डोळे मोठे झाले. मग आम्ही सगळ्यांनी गोल बसून बागेचे नियम बदलले. नियम मुलांनीच केले, मी फक्त फळ्यावर लिहिले:

पहिला, दर शनिवारी भाजी तोडायची आणि पाळीपाळीनं मुलांनी घरी न्यायची.

दुसरा, ज्यांचे आईवडील कामाला बाहेरगावी गेलेत त्यांची पाळी दुप्पट. कोणी ‘का’ विचारायचं नाही.

तिसरा, पाळी वाटून झाल्यावरच लाल दोरा बांधायचा.

आणि दोऱ्याचं रीळ कोणाकडे द्यायचं? सगळ्यांनी त्या मुलीचंच नाव घेतलं. ज्या पोरीनं दोरा तुटू दिला नाही, तिच्याकडेच तो शोभला! त्या हंगामात एकही दोऱ्याची भेंडी गेली नाही. शेंगा वाळून तडकायला लागल्या तेव्हा आम्ही त्या तोडल्या. बी निघालं फुलपात्रभर. वहीच्या कागदाच्या पुड्या करून प्रत्येकाला वाटलं. गेल्या पावसाळ्यात गावात कितीतरी परसांत आमच्या शाळेची भेंडी होती.

आता तुमच्या हाताला खाज सुटली असेल! तर ऐका. परस नसेल तर जुनी बादली, फुटका माठ, गोणी, काहीही चालेल. तळाला भोक मात्र हवं. काळी माती एकटी घालू नका, ती पाण्यानं घट्ट बसते. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर वाळू. जून-जुलैत किंवा जानेवारी-फेब्रुवारीत बी लावा. आदल्या रात्री ते पाण्यात भिजत घाला. बोटाच्या एका पेराएवढं खोल टोचा. आठवडाभरात कोंब दिसेल, सहा-सात आठवड्यांत फूल. फूल गळाल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी भेंडी तोडा, नाहीतर निबर होईल.

भांडी साबणानं घासत असाल तर पहिलं फेसाचं पाणी नको, नंतरचं खळबळलेलं घाला. पांढरी माशी दिसली तर वाळलेल्या लिंबोळ्या कुटा. ५० ग्रॅम कूट एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा आणि पानांच्या खालच्या बाजूनं शिंपडा. तरीही एखादं झाड पिवळं पडलं, तर जीव घट्ट करून उपटा. परभणी क्रांतीसुद्धा आता पुष्कळ ठिकाणी पिवळी पडते. विषाणूही बदलतो ना! म्हणून तर आपल्या वाफ्यातलं निरोगी झाड ओळखायची नजर प्रत्येकाला हवी.

बी ठेवायचं तर शेंग झाडावरच वाळू द्या, साधारण महिना लागतो. शेजारी दुसऱ्या जातीची भेंडी लावू नका, मधमाश्या परागांची सरमिसळ करतात. आणखी एक. बाजारातल्या संकरित पाकिटातलं बी राखलं तर पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत. परभणी क्रांतीसारख्या सरळ जातीचं बी मात्र ठेवता येतं. पाकीट घेताना एवढं नक्की विचारा.

एवढ्याशा बियांनी काय होतं, असं वाटतं का? अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचं गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी आपल्या भागातले वाल, घेवडे, भाज्या आणि भात यांचं गावठी बी जमवलं, राखलं आणि इतर शेतकऱ्यांना दिलं. लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचीही सुरुवात घरच्या परसातल्या बियांपासूनच झाली.

माझी माय आता थकली आहे. तिला वाकवत नाही. परस मीच करते. पण दोरा बांधायची वेळ आली की ती खाटेवरून उठते, काठी टेकत वाफ्यापाशी येते आणि बोटानं झाड दाखवते. मी दोरा बांधते. मग ती माझ्या मनगटाकडे बघते आणि हसते. इतक्या वर्षांत त्या बारा भेंड्यांबद्दल ती पुन्हा एक शब्द बोललेली नाही.

तर मुलांनो, या पावसाळ्यात निदान चार बिया लावाच. भाजी पोटभर खा, शेजारीही द्या. आणि सगळ्यात चांगल्या दोन भेंड्यांना दोरा बांधा. लाल नसेल तर कोणताही चालेल. तुमच्या झाडाला पहिलं फूल कधी आलं आणि दोरा कोणी बांधला, ते मला पत्रानं नक्की कळवा. वाट पाहते.

तुमच्याच,
ताडकळसच्या बाई